सात अर्जांवर एकच हेतू

धाराशिवच्या आमच्या नव्या कॉलेजात वसतिगृहाच्या अर्जावर एक रकाना होता : ‘उच्च शिक्षण घेण्याचा हेतू’. जागा थोड्या होत्या. माझं गाव लोहाऱ्याच्याही पुढं. रोज ये-जा शक्य नव्हती. जागा नाही तर कॉलेज नाही, इतकं सरळ होतं.

वर्गातली सहा पोरं माझ्याकडं आली. “तू पत्रकं वाचून मोठा झालेला. तूच लिही.”

मी लिहिलं : ‘शोषणमुक्त समाज उभारण्यासाठी.’ सातही अर्जांवर.

प्राचार्यांनी आम्हाला एका ओळीत उभं केलं. “क्रांती एकाच हस्ताक्षरात आलीय,” ते म्हणाले. “आता तोंडानं सांगा. खरं सांगेल त्याला जागा.”

तुळजापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा म्हणाला, “सर, घरी राहिलो तर दिवाळीनंतर माझं लग्न लावतील.”

धनगराचा पोरगा म्हणाला, “एसटीत कंट्रोलर व्हायचंय. त्यानं सही केल्याबिगर गाडी हालत न्हाय.”

मला संताप आला. एवढं तेजस्वी वाक्य दिलं होतं मी या लोकांना. माझी पाळी आली तेव्हा मी छाती काढून सुरुवात केली, “शोषण...”

“ते सात वेळा वाचलंय. पुढं?”

मग जे खरं होतं तेच बाहेर पडलं. निजामाच्या काळात वडिलांनी ज्वारीच्या कणगीत चळवळीची पत्रकं लपवली होती. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मी अक्षरं शिकलो ती त्याच पत्रकांवर, आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. एकदा त्यांनी विचारलं, “सरंजामशाही म्हंजे काय रं?” मला माहीत नव्हतं. पण रुबाब जाऊ नये म्हणून ठोकून दिलं, “दादा, जनावरांचा रोग. खुरांतून पसरतो.” तेव्हापासून ते चावडीवर लोकांना बजावत, सरंजामशाही आली की बैलं येगळी बांधा.

“सर, मला खरे अर्थ घेऊन घरी जायचंय.”

प्राचार्य डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “रोगच आहे तो,” म्हणाले, आणि सातही अर्जांवर सही केली.

दिवाळीला मी वडिलांसमोर बसून खरा अर्थ सांगितला, राबायचं कुळानं आणि पीक न्यायचं जमिनीच्या मालकानं; माझी लबाडीही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मंग बैलं कशाला?” ते म्हणाले. “मालकालाच येगळं बांधाय पायजे.”