आबांच्या करट्या

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते पडवीतल्या केरासारखे साठतात. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच! आमच्या आचऱ्याच्या घरात तर जरा जास्तच, कारण माझे सासरे, म्हणजे आबा, हायस्कुलात ड्रिल मास्तर आणि हुतूतूच्या टीमचे कोच. सामना झाला की सगळी मास्तरमंडळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसायची आणि मी चहाचे कप घेऊन आत-बाहेर करायची. नव्या सुनेचा एक फायदा असतो. ती ऐकते आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही!

*

पहिला किस्सा माझ्याच लग्नातला.

माझं माहेर इन्सुलीचं. नेमकी लग्नाच्या दिवशीच सावंतवाडीला आबांच्या टीमची मॅच होती. "दिवस बदलूया काय?" असं आबांनी माझ्या वडिलांना विचारून पाहिलं. वडील म्हणाले, "मुहूर्त आहे हो!" आबा म्हणाले, "थंय पण मुहूर्तच आसा." शेवटी लग्न इकडे झालं आणि मॅच तिकडे.

मी अंतरपाटाच्या अलीकडे, आमचे हे पलीकडे. शेवटचं मंगलाष्टक सुरू व्हायचं होतं. इतक्यात मांडवाच्या दारात एक सायकल धडकली आणि सायकलवाला ओरडला, "मास्तरांनूऽ, जिंकलो!"

आबांनी आनंदाने दोन्ही हात वर केले. त्यांच्या मुठीत अक्षता होत्या. त्या उडालेल्या बघून मांडवभर सगळ्यांनी उडवल्या. वाजंत्री सुरू! भटजी लालबुंद. "अहो, अजून एक मंगलाष्टक शिल्लक आहे!"

आबा म्हणाले, "ता मागसून म्हणा. आदी पॉइंट किती ते कळांदे!"

माझं लग्न असं एक मंगलाष्टक आधीच लागलं.

नंतर आबांनी वऱ्हाडाला वाटायला ठेवलेल्या नारळांतला एक उचलला, कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो जिंकल्याचो." वडिलांना वाटलं ही मालवणकडची काहीतरी रीत असेल. त्यांनी लगबगीने दुसरा नारळ माझ्या सासूबाईंपुढे, म्हणजे आईंपुढे, केला.

आई म्हणाल्या, "माका नको. माझी काय टीम नाय."

*

ती रीत मालवणची नव्हती, आबांची होती. सामना जिंकला की गावदेवापुढे नारळ फोडायचा. एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, देवाची, दुसरी घरची. घरच्या कवडीतलं खोबरं आमटीत जायचं आणि करटी, म्हणजे करवंटी, भोक पाडून पडवीत सुंभाला अडकायची. एक करटी म्हणजे एक सामना. लेखी काही नाही. कुणी विचारलं, "मास्तर, आजवर किती जिंकले?" की आबा पडवीकडे बोट दाखवायचे.

वॉकओव्हर चालायचा नाही. बरोबरी चालायची नाही. समोर उभा राहून हरला, तरच करटी!

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एका सकाळी आबा आंघोळ करून, पंचा गुंडाळून पडवीत आले आणि जागच्या जागी थबकले. निम्मा सुंभ रिकामा.

"गो, हयच्यो करट्यो खंय गेल्यो?"

"चुलीत," आई आतून म्हणाल्या. "चार दिस पाऊस खंड घेता काय? लाकडां भिजान चिंब. तुमचा पाणी कशार तापवू, माझ्या डोक्यार?"

"गो, त्यो सावंतवाडीच्या फायनलीच्यो होत्यो!"

"म्हणानच पाणी बेगीन तापला."

आमचे हे त्या दिवशी कामावर जाईपर्यंत गालातल्या गालात हसत होते. पुढे मला कळलं की हे दर पावसाळ्यात होतं. आबा वर्षभर जिंकतात आणि आई पावसात जाळतात!

*

आबांचा खरा सामना होता पेडणेकर मास्तरांशी. ते खाडीपलीकडच्या शाळेचे कोच. सोन्याचा दात, कोटाच्या खिशात शिट्टी, आणि वॉकओव्हरसकट सगळं मोजायची सवय. एकदा आमची टीम तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीसाठी, खोळंबली तेव्हा त्यांनी रिकाम्या मैदानावर शिट्टी वाजवून आपली टीम विजयी म्हणून नाचवली. आबा पोचले तेव्हा पेढे वाटून झाले होते.

आबांनी एक पेढा घेतला, तोंडात टाकला आणि विचारलं, "पेडणेकरांनू, कोणाक हरवलास? वाऱ्याक?"

पुढच्या वर्षी उलट झालं. पेडणेकरांची होडी ओहोटीत चिखलाला लागली आणि ते दोन तास उशिरा आमच्याकडे पोचले. पंचांनी आबांना वॉकओव्हर देऊ केला. आबा म्हणाले, "उपाशी पोरांक काय हरवूचा?" सगळ्या पोरांना घरी आणून आईंना पेज आणि सुक्या बांगड्याचं तिखलं वाढायला लावलं. तासभर विश्रांती. मग सामना.

पेज पिऊन ताजीतवानी झालेली ती पोरं अशी काही खेळली की आमची टीम सपशेल हरली!

रात्रीच्या जेवणात आई एवढंच म्हणाल्या, "घरचा जेवक घालून हरणारो मास्तर मी हयच बघलंय."

आबांनी मान खाली घालून आणखी भात मागितला.

*

एकदा शाळेच्या मैदानावर जत्रेची दुकानं लागली होती, म्हणून सामना किनाऱ्यावर घेतला. ओहोटीच्या ओल्या वाळूवर पायाने रेघा ओढल्या. आमच्या टीममध्ये बाबी होता, होडीवाल्याचा मुलगा. त्याचा दम गावात प्रसिद्ध. सामना रंगला आणि भरती लागली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

बाबी 'हुतूतू' करत गेला, दोघांना शिवला आणि परत फिरला, तर समोर पाच जण हात पसरून उभे! बाबीने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ समुद्रात घुसला. गुडघ्याएवढं पाणी, मग कमरेएवढं, मग गळ्याएवढं. लाटेच्या वर नुसतं डोकं आणि हुतूतू, हुतूतू! वळसा घालून तो आमच्या बाजूला बाहेर आला तेव्हाही त्याचं चालूच होतं.

"रेघेभायर गेलो! आऊट!" पलीकडची पोरं ओरडली.

"रेघ खंय आसा? दाखवा माका!" आबा.

पंचांनी धोतर वर धरून खूप शोधलं. शेवटी म्हणाले, "मास्तर, रेघ पाण्यात आहे."

"मगे? बाबीय थंयच होतो!"

पंचांनी सामना बरोबरीत सोडवला. बाबी आठवडाभर खोकत होता. करटी नाही ती नाहीच.

*

आबांच्या रिटायरमेंटचं वर्ष आलं. हेडमास्तरांनी मानपत्र द्यायचं ठरवलं आणि आकडा विचारायला सगळे मास्तर घेऊन खळ्यात आले.

"कारकिर्दीतले एकूण विजय, मास्तर. निश्चित आकडा हवा."

सगळ्यांनी पडवीकडे पाहिलं. सुंभावर गेल्या पावसातून वाचलेल्या चार करट्या वाऱ्यावर हलत होत्या. मग सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नव्याण्णव," आबा म्हणाले.

"कशावरून?"

"माका सगळे सामने तोंडपाठ आसत. आयकतास?"

आणि आबांनी सुरुवात केली. कुठलं गाव, कोण पंच, शेवटची चढाई कुणाची. चहा दोनदा झाला. अंधार पडला तसा हेडमास्तरांनी हात जोडले. "पटलं, पटलं! मास्तर, सरळ शंभरच लिहूया. आकडा शोभतो."

आबांचा चेहरा बदलला. "एक सामनो रवलो हा. पेडणेकराचो. जिंकलंय तर शंभर लिवा. नायतर नाय."

त्या दिवसापासून आबा रोज पहाटे मैदानावर. जेवताना पानावर मिठाने आखणी, भाताची ढेकळं म्हणजे गडी. झोपेतही हात पसरून कुणाला तरी अडवायचे, असं आई सांगायच्या. त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण तो शंभरावा त्यांना किती हवा होता हे घरातल्या मांजरालाही कळत होतं.

हेडमास्तरांनी मात्र छापखान्याला उशीर नको म्हणून गुपचूप 'शंभर' छापून घेतलं!

*

सामन्याचा दिवस. मैदान भरलं. बाबी आणि मंडळी लंगोट कसून तयार. पेडणेकरांचा पत्ता नाही. सायकलवाला बातमी घेऊन आला, त्यांची होडी पुन्हा चिखलाला लागली!

पंचांनी घड्याळ पाहिलं. हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. "मास्तर, नियमाने वॉकओव्हर. झाले शंभर!"

आबांनी शिट्टी तोंडातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवली. "थांबूया."

मी आईंच्या शेजारी बायकांत बसले होते. आई उठल्या. "चल गो, सुनबाय."

घरी येऊन त्यांनी शेवगा काढला, शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा साचा. मी दाब देऊन देऊन घामाघूम झाले. त्या नारळ खवत होत्या. एक झाला, दुसरा झाला, मी मोजायचं सोडून दिलं. गूळ, वेलची, घट्ट रस. मोठं पातेलं भरलं.

पेडणेकरांची पोरं गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, भुकेने कळवळत पोचली. अपेक्षेप्रमाणे आबा त्यांना घेऊन घरी आले.

"गो, पोरांक पेज घाल."

"पेज नाय. तुमचो शेवटचो सामनो, गोड केलंय."

आबांना ते ऐकून भरून आलं. ते तसेच मैदानावर परतले.

आईंनी स्वतः वाढलं. "घे रे झिला, आवशीन तुका जेवकच घालूक नाय असा दिसता. आनी एक वाडगो. रस वत गो सुनबाय. रे, लाजतंस कित्या?" आमचा बाबी वासाने दारात येऊन उभा राहिला, तर त्याला म्हणाल्या, "तू घरचो. तुका मागसून."

पेडणेकर मास्तरांनी तिसऱ्या वाडग्याला कोटाची बटणं सोडली.

यजमान हातचं राखत नाहीत आणि पाहुणे नको म्हणत नाहीत. सगळे तृप्त होऊन मैदानात उतरले.

त्यांचा सगळ्यात दमदार गडी चढाईला आला. "हुतू..." म्हणाला, आणि थांबला. पुन्हा "हुतू..." मग एक लांबलचक ढेकर, सगळ्या मैदानाने ऐकलेली! दुसरा आला तो मधल्या रेघेवरच पोट धरून बसला. तिसऱ्याला बाबीने नुसतं बोट लावलं तर तो आनंदाने आडवा झाला आणि तिथेच डोळे मिटून राहिला.

पेडणेकर निघताना आमच्या दाराशी आले. सोन्याचा दात चमकला. "मास्तरांनू, हरल्याचा दुःख नाय. पन वयनी, पुढल्या वर्साय सामनो हयच ठेवा!"

आबांनी नारळ फोडला. देवळातून ते सरळ घरी आले. मग स्वयंपाकघरात येऊन ओली करटी आईंपुढे ठेवली.

"ही माझी नाय," म्हणाले.

आई वाडगे घासत होत्या. घासतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी समारंभात हेडमास्तरांनी खड्या आवाजात वाचलं, "कारकिर्दीत शंभर सामने जिंकून..." आणि व्यासपीठावरून आबा ओरडले, "नव्याण्णव!" हेडमास्तर म्हणाले, "ही मास्तरांची विनयशीलता!" टाळ्या. आई बायकांच्या रांगेत समोर बघत बसल्या होत्या.

घरी आल्यावर आबांनी शाल खुंटीला अडकवली. "सुनबाय, आता त्यो सगळ्यो करट्यो जाळा. नोकरी सोंपली."

दुसऱ्या सकाळी मी सुंभावरच्या चारही काढल्या. न्हाणीच्या चुलीला एवढ्याने काय होणार? आणखी बघत स्वयंपाकघरात आले, तर तांदळाच्या मडक्यावरच्या खिळ्याला एक करटी. स्वच्छ घासलेली, तेलाचा हात फिरवलेली. मी हात वर केला.

"ती नको गो," पाठीमागून आई म्हणाल्या. "ती माझी."