मोटारीच्या कपाळावरचं कुंकू

“आरं, देव उन्हात बसलाय. ओढ की दोरी!” गुरवमामा काठावरून ओरडत होते आणि मी होडीत उभा राहून तिच्या मागच्या मोटारीची दोरी ओढत होतो. किती वेळा ओढली? हजार म्हणालो तर कमीच सांगितल्यासारखं होईल. त्या दिवसापासून माझा उजवा हात डाव्यापेक्षा चार बोटं लांब आहे, शिंप्याला विचारा.

आमच्या गावचा देव दर जत्रेला पालखीतून कृष्णेपलीकडं बहिणीच्या भेटीला जातो. त्याला पार न्यायचा मान आजोबांपासून आमच्या होडीचा. पण ऊन डोक्यावर यायच्या आत होडी निघाली नाही, तर मान चुलत्यांच्या घरात जातो आणि परत येत नाही. चुलतभाऊ दिनकर शेजारच्या होडीत वल्ही मांडीवर घेऊन बसला होता. त्याची नजर देवावर नव्हती, सावलीवर होती.

खरं सांगतो, माझा तेव्हा देवापेक्षा मोटारीवर जास्त भरवसा होता. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी, भंगारातून आणून मी उभी केलेली. फौजेत वीस वर्षं इंजिनं खोलण्यात गेली, त्याचा माज अंगात होता. आणि नेमकी त्याच दिवशी ती चार ठसके देऊन गप्प बसायची. प्लग पुसला, तापवला, परत बसवला. कार्बोरेटर खोलून फुंकला, तर पेट्रोल तोंडात गेलं. पुढं तीन दिवस बायकोनं मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मलकापूरच्या मेस्त्रीला फोन केला, त्यानं मोटारीचं वय विचारलं आणि हळहळ व्यक्त करून फोन ठेवला.

दिनकर म्हणाला, “दादा, वल्ह्याला पिलग नसतो बगा.”

काठ हसला. मी दोरी सोडली आणि होडीतच खाली बसलो. आजोबांचा मान माझ्या हातून चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणालो, देवा, माझी अक्कल संपली, आता तू बघ.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. डोक्यावर गाठोडं, चपला हातात. कवठे महांकाळकडची, लेक पलीकडच्या गावात बाळंत झालेली, नातू बघायला निघालेली. देवाची होडी हीच का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चढली.

सकाळी पाच सुवासिनींनी मोटारीची पूजा केली होती. मोटारीचं कपाळ कुठलं? तर टाकीचं टोपण, असं मीच सांगितलं होतं आणि वर, हात आखडू नका, असंही. तेलात कालवलेल्या कुंकवाचा बोटभर थर वाळून बसला होता. म्हातारीनं नातवाला लावायला म्हणून तो नखानं खरवडायला घेतला. पदरात पूड बांधत मधली खाचसुद्धा कोरून काढली. आणि टोपणातून ‘सूंऽऽ’ असा आवाज आला, जसं कुणी बुडता बुडता वर येऊन श्वास घ्यावा.

टोपणाला हवेसाठी सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. फौजेत पोरांना हेच शिकवण्यात माझा घसा बसला होता.

जरा थांबून दोरी एकदाच ओढली. मोटार अशी गरजली की कर्नाटकातले बगळे उडाले. दिनकरनं वल्ही खाली ठेवून पालखीला हात जोडले, आणि ऊन डोक्यावर यायला घोटभर चहाची सवड असताना आम्ही निघालो.

लोक म्हणतात, भोक बुजलं होतं, मोकळं झालं. मी कुठं नाही म्हणतो? पण वीस वर्षांची विद्या जिथं पोचली नाही तिथं ते नख कसं पोचलं, ह्याचा मी अजून विचार करतो आणि डोळे भरून येतात. आपण दोरी सोडल्याशिवाय वरच्याला हात घालायला जागा मिळत नाही, एवढं मला कळलं. त्यानंतर मी मोटारीला हात लावायच्या आधी देवाला नमस्कार करतो. टोपणही बघतो.

पलीकडं उतरल्यावर मी म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणालो, आई, तू माझ्यासाठी देवच झालीस. परतायचं असेल तेव्हा निरोप धाड, हीच होडी घेऊन तुला न्यायला येतो.

तिनं मोटारीकडं एकदा बघितलं, गाठोडं डोक्यावर घेतलं.

“नगं बाबा. मी पुलावरनं यष्टीनं जाईन.”