‘त’ न येणारा वाचक

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो पुण्याच्या धाकट्या भावामुळं. दिवाळीला येताना त्यानं तो गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून आणला, बैठकीतल्या टेबलावर मांडला, वायरी जोडल्या आणि भाऊबीज उरकून निघून गेला. जाताना म्हणाला, “ताई, आता तुझं सगळं लिखाण यावरच करत जा.” मी बरं म्हणलं. त्याला काय जातंय सांगायला. तो गेल्यावर आईनं कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल टाकला आणि रोज सकाळी ती तो रुमाल झटकून परत घालायची.

घरात आम्ही तिघं. मी, आई आणि अप्पा. मी जालन्यात एका शाळेत मराठी शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं आणि आता होणार नाही हे नातेवाइकांनीही एकदाचं मान्य करून टाकलं होतं, त्यामुळं घरात शांतता होती. अप्पा म्हणजे माझे वडील, आष्टीच्या शाळेत गुरुजी होते. उभ्या नोकरीत त्यांनी पहिलीचा वर्ग सोडला नाही. निवृत्त झाले आणि मधुमेहानं त्यांचे डोळे गेले. आधी वर्तमानपत्राची बारीक अक्षरं गेली, मग मथळे गेले, मग समोरचं माणूस गेलं. आई त्यांना औरंगाबादच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली, तेव्हा आता काही होणार नाही असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. त्यानंतर मी दोघांना आष्टीहून जालन्याला माझ्याकडं आणलं.

त्याच दिवाळीत एका अंकात माझी पहिली गोष्ट छापून आली होती. गोष्ट एका खेड्यातल्या बाईची होती, जिच्या नवऱ्याची नजर जाते. कुणावरून सुचली ते सांगायला नकोच. अंक घरी आला तेव्हा अप्पांनी तो हातात घेतला, पानं चाळली, वास घेतला आणि विचारलं, “तुझं पान कोणतं?” मी त्यांचं बोट धरून त्या पानावर ठेवलं. बराच वेळ त्यांनी ते तसंच ठेवलं.

“वाचून दाखवू?” मी म्हणलं.

“न्हाई,” अप्पा म्हणाले. “तू वाचलीस तर मला तू ऐकू येशील, गोष्ट न्हाई. लिहिणारानं वाचून दाखवलं की खोट झाकल्या जाती. पोरं पाढे चुकले की आवाज वाढवत्यात, तसं.”

मला राग आला. येणारच. आईला सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, “मला तुमचं ते कथा-बिथा वाचायला लावू नका. मला चष्मा लावून सुईत दोरा ओवता येतो, तेवढं बस झालं.” बाहेरच्या कुणाकडून वाचून घ्यावी, तर तो माणूस मधे मधे काय बोलेल आणि कुठं हसेल याची मलाच धास्ती. वय चाळिशीकडं झुकलं तरी बापानं आपली वही तपासावी असं वाटणं काही सुटत नाही. अप्पांनी ती गोष्ट वाचावी, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी कुणी वाचली न वाचली, काही फरक पडत नव्हता.

भावाला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “अगं, मग मशीनला वाचू दे की. कॉम्प्युटरमध्ये कागदपत्रं वाचायचा रीडर असतो, त्यात मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आहे. संपादकांकडून फाईल मागव आणि त्यात उघड.” ऐकायला किती सोपं. संपादक भले गृहस्थ, त्यांनी फाईल लगेच पाठवली. मी क्रोशाचा रुमाल बाजूला केला आणि माझ्या हालांना सुरुवात झाली.

पहिल्यांदा फाईलच उघडेना. इंग्रजीत पाटी आली की ही फाईल एक तर खराब झालेली आहे किंवा तुमचा रीडर जुना आहे. माझी आयुष्यातली पहिली गोष्ट, आणि खराब म्हणतंय. नवा रीडर उतरवून घ्यायचा तर नेट पाहिजे, नेट लावायचं तर फोनच्याच तारेवरून, आणि भावाला विचारायचं तर फोन पाहिजे. म्हणजे मी फोन करायची, तो सांगायचा ते लिहून घ्यायची, फोन ठेवून नेट लावायची, काहीतरी अडायचं, नेट बंद करून परत फोन. एकदा रीडर जवळजवळ उतरून झालेला असताना परतूरच्या आत्याचा फोन मधे घुसला, तब्येत विचारायला, आणि सगळं मुसळ केरात. त्या बिचारीला मी इतकं तुटक बोलले की आईनं दिवसभर माझ्याशी अबोला धरला. वरून लाइटीचं जाणं-येणं होतंच. शेवटी एका रविवारी सकाळी नवा रीडर बसला, फाईल उघडली, आणि पडद्यावर माझी गोष्ट जशीच्या तशी दिसली. मी वाचून दाखवण्याचं बटण दाबलं. आवाज नाही.

परत फोन. भाऊ म्हणाला, “स्पीकरची पिन कोणत्या भोकात घातलीस?” गुलाबी. हिरव्यात घालायची होती. झाडायला म्हणून आईनं सगळं काढून परत लावलं होतं. घातली हिरव्यात.

अप्पा खुर्ची ओढून टेबलाजवळ बसले होते. धुतलेला सदरा घातला होता, टोपीसुद्धा घातली होती. मी बटण दाबलं आणि त्या डब्यातून एक अमेरिकन बाप्या जोरजोरात काहीतरी बोलायला लागला. यू, ओ, डिग्री, प्लस, ए, ए, कॉमा. अप्पा मान तिरकी करून एकाग्रतेनं ऐकत राहिले. जरा वेळानं हळूच म्हणाले, “कोणत्या भाषेत बोलून राह्यलाय हा?”

त्याचं कारण भावानं मला नंतर समजावलं. छापखान्यातल्या त्या अक्षरांना फक्त वरून मराठीचा पोशाख असतो, आतून ती इंग्रजीच असतात. आपल्याला क दिसतो, मशीनला त्याजागी भलतंच काहीतरी दिसतं. आणि मशीन वाचतं ते आतलं. मराठी वाचणारा आवाज तर त्याच्या माहितीत कुठं मिळत नव्हता. त्या दिवशी मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मशीन बंद केलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. अप्पा टोपी काढून तसेच बसून राहिले होते, ते मला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. “त्याला इंग्रजी येतं ना? मंग त्याला इंग्रजीत लिहून दे. मराठीच, पण त्यांच्या अक्षरांत. तुमची आजकालची पोरं लिहित्यात तसं.”

मी दोन ओळी तशा लिहून दिल्या. बाप्यानं वाचल्या. ‘तो’ला त्यानं टू म्हणलं, ‘पण’ला पॅन, आणि ‘आई’ची तर त्यानं ए, ए, आय अशी बाराखडी केली. मी कपाळाला हात लावला. अप्पांचा चेहरा मात्र पार बदलला होता. कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. ते पुढं सरकून बसले आणि स्पीकरकडं तोंड करून म्हणाले, “त म्हण. त. जीभ दाताला लाव.”

“अप्पा, त्याला ऐकू येत नाही.”

“ते माहितीय मला. पण ह्याला त येत न्हाई, ह्याचं काय करायचं ते बघू. पहिल्या दिवशी कुणालाच काही येत न्हाई.”

मग आमचा वर्ग सुरू झाला. रोज शाळेतून आले की चहा घेऊन मी टेबलाशी बसायची आणि अप्पा शेजारी. मशीनला मराठी अक्षरं कळत नाहीत तर त्याला जे शब्द येतात त्यातूनच मराठी काढायचं, असं अप्पांनी ठरवलं. ‘मग’ पाहिजे असेल तर चहाचा इंग्रजी मग लिहायचा. ‘मी’साठी इंग्रजीतला ‘मला’ लिहायचा, एम आणि ई. ‘गेली’साठी जी, ए, आय, एल, वाय हा आनंदानं या अर्थाचा इंग्रजी शब्द अगदी बराबर बसला, त्यामुळं गोष्टीत कुणीही कुठंही गेली की कागदावर ती आनंदानं जायची. मी कंटाळायची, चिडायची, पुरे म्हणायची. अप्पा कधीच नाही. एकेक शब्द ते मशीनकडून चार-चार वेळा म्हणवून घ्यायचे आणि जमला की टेबलावर हलकेच थाप मारायचे. ‘त’ काही शेवटपर्यंत आला नाही. “जाऊ दे,” अप्पा म्हणाले, “काही पोरं र चा ल करत्यात, म्हणून काय त्यांना नापास करतो का आपण?”

‘आई’वर आमची गाडी फार अडली. काही केल्या येईना, आणि माझी गोष्ट तर ‘आई’ या शब्दानंच भरलेली. शेवटी अप्पांनी विचारलं, “आपल्या खेड्यातल्यासारखं ‘आय’ म्हणलं तर?” मी डोकं खाजवलं आणि ई, वाय, ई असं लिहिलं. “आय,” मशीन स्वच्छ म्हणालं, थेट आष्टीच्या पोरासारखं.

“काय लिहिलंस?” अप्पांनी विचारलं.

“डोळा,” मी म्हणलं. “इंग्रजीत डोळा लिहिला की ते आय म्हणतं.”

अप्पांनी टेबलावर हलकेच थाप मारली. म्हणाले, “बराबर लिहिलंस.” आई तिकडं भाजी निवडत बसली होती. तिनं वर बघितलं आणि परत खाली मान घातली.

अशी ती सगळी गोष्ट मी नव्यानं लिहिली. वाचताना मशीन पानापानानं पुढं जायचं, म्हणून एका पानावर एकच परिच्छेद ठेवला. भावानं त्याची रीडरमधली फाईल करून पाठवली. थांबायचं, चालू करायचं आणि मागचं पान घ्यायचं, ही बटणं अप्पांना हाताला लागावीत म्हणून आईनं आपली टिकल्यांची पाकिटं काढून दिली. प्रत्येक बटणावर एकेक मखमली टिकली चिकटवली. मरून रंगाची, तिच्या कपाळावरची नेहमीची.

रविवारी दुपारी अप्पा म्हणाले, “आता तुम्ही दोघी आत जा. दार लावून घ्या.”

मी स्वयंपाकघरात आले. आई भाकरी थापत होती. दारापलीकडून बाप्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण मला कुठलं पान चालू असेल ते अंदाजानं समजत होतं. मधेच आवाज थांबायचा, थोडी शांतता, परत सुरू. मग एका ठिकाणी तो थांबला, आणि तेच पान पहिल्यापासून चालू झालं. परत थांबला, परत तेच पान. ती बाई डॉक्टरांकडून घरी येते आणि चुलीपाशी बसून पदरात तोंड घालून रडते, ते पान होतं. मला स्वतःला ते पान सगळ्यात आवडत होतं. ऐकून अप्पांचं मन भरून आलं असणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

गोष्ट संपली. अप्पा भिंतीला हात लावत आत आले आणि पाटावर बसले.

“चांगली लिहिलीस,” ते म्हणाले. मला त्यांनी आयुष्यात असं कधी म्हणलेलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ते पुढं म्हणाले, “पण एक पान खोटं हाय. तीनदा ऐकलं. ती बाई रडती ते.”

“का? रडू आलं नसेल का तिला?”

“आलं असंल. पण रडली न्हाई. औरंगाबादहून येताना येष्टीत सगळ्या रस्त्यानं ती एक शब्द बोलली न्हाई. मला वाटलं, रडून राह्यली. मी हळूच तिच्या गालाला हात लावून बघितला, तर कोरडा. घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला. आपल्याकडं रोज कोण नीट पान वाढतं? भाजी भाकरीवर टाकायची आन् खायचं. त्या दिवशी मात्र तिनं सणासारखं वाढलं. माझा हात धरून ताटावरून एकदा फिरवला. हे वर मीठ, ही डावीकडं चटणी, ही उजवीकडं भाजी, ही वरणाची वाटी. आन् म्हणली, आता ह्याच्यात कधी बदल होणार न्हाई.”

मी आईकडं बघितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

“जल्दी बसा जेवायला,” ती म्हणाली. “गार होऊन राह्यलंय सगळं.”

तिनं अप्पांपुढं ताट ठेवलं. वर मीठ, डावीकडं चटणी, उजवीकडं भाजी, त्याच्यापलीकडं वरणाची वाटी. अप्पांचा हात कुठंही न चाचपडता सरळ भाजीवर गेला. ते जालन्याला आल्यापासून मी रोज त्यांच्या शेजारीच जेवत होते. ते ताट मी कधी नीट बघितलंच नव्हतं. माझ्या ताटात तिनं भाकरी टाकली होती आणि भाजी भाकरीवरच घातली होती, रोज घालायची तशी.