सात वेशींचा कारभारी

कारभारी कुणालाच नावाने हाक मारत नसे. गावाच्या नावाने मारायचा. मी श्रीपूरची, म्हणून मी ‘श्रीपूर’. माझ्या वर्गातला एक मुलगा ‘कुंभारी’. कारभारी स्वतः अक्कलकोटकडचा, सोलापुरात आमच्याच कॉलेजात दोन वर्षं पुढे. ‘सात वेशी’ हा खेळ त्याने बनवलेला. त्यात निवाडा करणाऱ्याला कारभारी म्हणतात, तेच त्याचं नाव पडलं.

या खेळात चित्रं नाहीत. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पान उघडायचं, समोर काय आहे ते वाचायचं आणि आपलं पात्र काय करतं ते लिहायचं. उडी साधली की हुकली, हे यंत्राने टाकलेल्या आकड्यावर ठरतं; आकडा जितका खालचा, तितकं वाईट. तो आकडा फक्त कारभाऱ्याला दिसतो. पुढे काय घडलं ते तो लिहितो. मेलेलं पात्र परत येत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. चांगलं लिहायचं म्हणजे निबंधासारखं, एवढंच मला ठाऊक. कारभाऱ्याने खेळासाठी एका किल्ल्याचं वर्णन लिहायला सांगितलं तेव्हा मी सोनेरी किरणं, गतवैभव, सगळं घातलं. कँटीनमध्ये त्याने ते शांतपणे वाचलं. “झाक हाय,” म्हणाला, “पन श्रीपूर, आत शिरायचं कुटनं?” दरवाजा लिहायचाच राहिला होता. सगळे हसले. मलाही हसू आलं.

खेळणाऱ्याने काहीही लिहिलं तरी तो उडवून लावत नसे. एकदा चोर आडवा आला तेव्हा सगळ्यांनी तलवारी काढल्या आणि कुंभारीने लिहिलं, ‘त्याच्यासमोर भाकरी आणि शेंगाचटणी ठेवतो.’ यंत्राला ते कळेना. कारभाऱ्याने मग स्वतः लिहिलं, की चोर बसला, जेवला, पाणी मागितलं आणि पुढच्या वेशीवर पहारा नसतो तो वार सांगून गेला. यंत्राला कळलं नाही म्हणून माणसाचं चुकलं असं होत नाही, हे त्याचं नेहमीचं बोलणं.

शेवटच्या वर्षानंतर त्याला पुण्यात नोकरी लागली. वेळ मिळणार नव्हता. खेळ मी चालवावा, नाहीतर बंद करू, असं तो म्हणाला. मला नीट लिहिता येत नाही, असं मी सांगून पाहिलं.

“नीट लिव्हणारे लई हायत. दुसऱ्यानं काय लिव्हलंय ते तू वाचतीस.”

मी हो म्हटलं. त्याने एकच मागणं केलं, की आता त्याला खेळू द्यावं. इतकी वर्षं त्याचं स्वतःचं पात्र नव्हतं. त्याने हैबती नावाचा म्हातारा मशालजी उभा केला. हैबती सुट्टीच्या दिवशी यायचा, अंधारात सगळ्यांच्या पुढे चालायचा आणि तरुणांना चिडवायचा. तो नसला की खेळ ओस वाटे.

सहाव्या वेशीपुढे दोरांचा पूल होता. एक दोर झिजलेला आहे, हे मी लिहिलं होतं. हैबतीने लिहिलं, ‘मी पुढं जातो. उजेड दिसला की या.’

आकडा पडला. अगदी खालचा.

मी काहीच लिहीना, तेव्हा कुंभारीला अंदाज आला. त्याचा फोन आला. “अगं, आकडा कोन बगतंय? वाचव की म्हाताऱ्याला.” खरंच कुणी बघत नव्हतं. पण पुढे कुंभारीचं पात्र पुलावरून सुखरूप गेलं, तर ते खरंच गेलं की मी नेलं, हे त्यालाही कळणार नव्हतं आणि कालांतराने मलाही. मी लिहिलं: ‘दोर तुटला. खाली पडणारी मशाल थोडा वेळ दिसली. मग दिसेना.’

कारभाऱ्याचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हैबती गेल्याचं लई वाईट वाटलं, जेवण गेलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. नव्या नोकरीचंही थोडं होतं. आकडा किती पडला होता, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं.