गाडी चौथ्यात का जात नव्हती

गेल्या शनिवारी सकाळी आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं... दुसऱ्या दिवशी जरीपटक्याहून एक जण आमची गाडी बघायला येणार होता. बघायला म्हणजे घेऊनच जायला.

गाडी अठरा वर्षांची. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते. बाबांच्या डाव्या पायाची दोन ऑपरेशनं झाली आहेत, क्लच दाबणं त्यांना जमत नाही, म्हणून त्यांना चालवता येईल अशी हीच एक. दर रविवारी ते स्वतः गाडी घेऊन नरखेडकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत जातात... आणि उरलेला आठवडा पुढच्या रविवारची वाट बघतात.

दसऱ्यानंतर गाडी बिघडली. तिसऱ्या गिअरपर्यंत छान जायची, चौथा काही पडायचाच नाही. साठच्या पुढे गेलं की इंजिन नुसतं बोंबलायचं, आणि बाबा घरी आले की डोकं धरून बसायचे.

मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं की गाडीत शिफ्टिंगचा प्रॉब्लेम आहे, कुणाच्या ओळखीत चांगला माणूस आहे का. तासाभरात मावशीने पॅकर्सवाल्याचा नंबर पाठवला... आणि नवीन घर घेतलं ते आम्हाला सांगितलंसुद्धा नाही म्हणून रुसली.

मग मीच एक्सपर्ट झाले. आठवडाभर व्हिडिओ बघितले, आणि जेवताना सगळ्यांना गिअरबॉक्समधली व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. शेवटी गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने एक चक्कर मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पार्ट मिळतीलच असं नाही, त्यापेक्षा गाडीच विकून टाका.

बाबांनी फक्त मान हलवली. त्या दिवसापासून ते बागेबद्दल बोलेनासेच झाले... ते मला फार लागलं.

म्हणून शनिवारी मी हट्टच धरला. विकायची तर विका, पण एकदा मानेवाड्याच्या प्रभाकरभाऊंना दाखवू. शेजाऱ्यांच्या ओळखीचे हे जुने मेकॅनिक, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं गॅरेज. बाबा आणि मी निघालो तर आईही सोबत आली, गाडीत शेवटचं बसून घेते म्हणाली.

प्रभाकरभाऊंनी इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढली. तेल बोटावर घेतलं, वास घेतला. 'तेल लाल आहे, जळलेलं नाही. गिअरबॉक्स मेला नाही तुमचा.' मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि मीटरकडे बघतच राहिले.

मीटरच्या काचेवर आईने दसऱ्याला काढलेलं हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं. चांगलं ऐसपैस... खालचा कोपरा सगळा भरलेला. आमच्याकडे पूजेचं कुंकू कुणी पुसत नाही, ते जाईल तेव्हा जाईल. मोठ्या गॅरेजवाल्यानेही त्याला हात लावला नव्हता.

प्रभाकरभाऊंनीही लावला नाही. ते खाली उतरले आणि आईला अगदी अदबीने म्हणाले, 'काकू, हे थोडं पुसता का तुम्ही? मले याच्या मांगं काही पाहाचं आहे.'

आईने आधी नमस्कार केला, मग पदराने हलकेच पुसलं. आणि कुंकवाखालून एक पिवळा दिवा निघाला... 'ओडी ऑफ'.

ओडी म्हणजे ओव्हरड्राइव्ह, आमच्या गाडीचा चौथा गिअर. तोच बंद. घाटात वगैरे लागतं म्हणून गिअरच्या दांड्यावर त्यासाठी एक छोटं बटण असतं. आमच्या दांड्यावर बरोबर त्याच जागी सुकलेला टिळा होता, वर दोन अक्षता. पूजेच्या वेळी आईचं बोट तिथे टेकलं, बटण दाबलं गेलं... आणि गाडीने तिचं ऐकलं.

बाबा आईकडे वळले. 'तू काहून दाबलं वं ते?'

'मले काय माईत ते बटन आहे म्हणून. मले ते डिझाईन वाटलं.'

इतकी वर्षं ही गाडी चालवूनही ते बटण आपल्यालाही ठाऊक नव्हतं, हे बाबांनी नंतर हळूच कबूल केलं. व्हॉल्व्ह बॉडीवर भाषणं देणारी मी तर तोंड लपवायला जागा शोधत होते.

ओल्या फडक्याने टिळा निघाला, बटण दाबलं, दिवा गेला. प्रभाकरभाऊंनी किल्ली बाबांच्या हातात दिली, 'चाला काकाजी, तुम्हीच चालवा.' आम्ही चौघं रिंग रोडला लागलो. साठ झाले... आणि इंजिनचा आवाज एकदम खाली आला. बाबा नुसते समोर बघून हसत राहिले.

मागून आईने घाबरून विचारलं, 'एवढी चूप काहून झाली वं हे?' आम्ही पोट धरधरून हसलो.

मजुरी विचारली तर प्रभाकरभाऊ म्हणाले, 'पुसलं तर काकूंनी, मी काय केलं?' त्यांनी काय केलं ते मला बरोबर माहीत आहे. त्यांनी सरळ फडकं न मारता आधी आईला विचारलं, आणि बाबांचा रविवार परत दिला. त्यांचे आभार कसे मानावेत ते मला अजून कळलेलं नाही... सध्या संत्री पोचवली आहेत.

जरीपटक्याच्या माणसाला बाबांनी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. इतका खणखणीत आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला.

रविवारी बागेत निघताना आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन खाली आली. अर्धं पुसलेलं स्वस्तिक तिच्या मनाला लागून राहिलं होतं. डावीकडचं दार उघडून ती आत वाकली, कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून थांबली. 'इथं कोणतं बटन तं नाही ना?'

बाबा ड्रायव्हरच्या सीटवरून तिच्याकडे सरकले, तिचं बोट हातात धरलं... आणि नेऊन समोरच्या ड्रॉवरच्या सपाट, बिनबटणाच्या झाकणावर टेकवलं.