उसाचा काठ

काकूंना फोटोपेक्षा फोटोभोवतीचा काठ महत्त्वाचा वाटायचा. कुणी नातवाच्या बारशाचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन आलं, की बाळाकडे नीट न बघताच त्या विचारायच्या, "काठ कसला पाहिजे?" समोरची बाई गांगरायची. मग काकू म्हणायच्या, "अगं, साडी कशी घेतेस तू? आधी काठ बघतेस ना? मग फोटोनंच काय घोडं मारलंय?" आमच्या सोसायटीत त्यांना सगळे काठवाल्या काकूच म्हणायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी वॉचमन अजून त्यांच्या दाराकडे बोट दाखवून तेच नाव सांगतो.

काकू इथं सोलापुरात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. साहेब निवृत्त झाले की मानपत्र त्यांनीच टाइप करायचं. "नुसतं टाइप केलं तर ते मानपत्र नाही, नोटीस वाटते," असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या टाइपरायटरवरच फुल्या, शून्यं, चांदण्या ठोकून कागदाभोवती वेलबुट्टी उठवायच्या. पुढे निवृत्तीनंतर मुलीनं जुना कॉम्प्युटर दिला आणि खालच्या मजल्यावरची मी, बँकेतून आल्यावर, त्यांना शिकवायला जाऊ लागले. शिकवायला म्हणजे काय, दुसऱ्या आठवड्यापासून त्याच मला शिकवत होत्या. एके दिवशी त्यांना चिन्हांचा फॉन्ट सापडला. त्यात अक्षरं नाहीतच. के दाबला की पान उमटतं, एल दाबला की कळी, एम दाबला की कलश. काकू खुर्चीवरून उठल्याच. "अगंबाई! आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

झालं! तेव्हापासून लहानपणी आपण करायचो ती चिकटवही काकू कॉम्प्युटरवर करायला लागल्या. पानावर फोटो, खाली चार ओळी, आणि भोवती टाइप करून काढलेला काठ. डोहाळजेवणाला कैऱ्यांचा, मुंजीला पळीपंचपात्राचा. पहिला आल्बम मात्र फजितीचा झाला. छपाईच्या लॅबमध्ये तो फॉन्टच नव्हता. तिथला पोरगा फोनवर म्हणतो, "काकू, फोटोच्या भवती सगळीकडं के के एल एल लिवलंय. बाळाचं नाव हाय का काय?" काकू आधी चिडल्या आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे त्या प्रत्येक काठाचं चित्र करूनच पाठवायला शिकल्या, पण तो पोरगा त्यांना कायम 'केके काकू' म्हणत राहिला.

त्यांचा एक नियम होता आणि त्यावरून माझी त्यांच्याशी रोज हुज्जत व्हायची. कार्य अजून व्हायचं असेल, तर काठ ठरल्याशिवाय फोटो काढायचा नाही. का, तर पान उभं की आडवं ते काठावरून ठरतं, माणसं उभी करायची की बसवायची ते पानावरून ठरतं. "नाहीतर मग कुणाचे पाय काप, कुणाचा पदर काप. मला नाही चालायचं." मी म्हणायची, "काकू, आधी लगीन कोंढाण्याचं असं झालं हे तुमचं!" त्या म्हणायच्या, "असू दे."

काकूंना एकच भाऊ, बाळूमामा. श्रीपूरकडे साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होता. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू, त्यामुळे भाऊबिजेला रजा कधी मिळालीच नाही. यायचा तो थेट उन्हाळ्यात. घरात पहिला कॅमेरा त्यानंच घेतला आणि तेव्हापासून तो कायम कॅमेऱ्याच्या मागे. काकूंच्या स्वतःच्या लग्नाचा रोल धुताना खराब झाला होता. लग्नाकार्यातल्या गर्दीत दोघांची डोकी कुठंकुठं सापडतात, पण बहीणभाऊ शेजारी बसलेत असा एकही फोटो नव्हता. सगळ्या गावाच्या आठवणींना काठ लावणाऱ्या बाईला याची केवढी खंत! "बाळू रिटायर होऊ दे," त्या म्हणायच्या, "पहिल्या भाऊबिजेला आमचं पान करायचं."

आणि त्या पानाला काठ उसाचाच हवा होता. आता जगातल्या कुठल्या फॉन्टमध्ये ऊस सापडायचा? काकूंनी तो जुळवला. एका फॉन्टमधली उभी दांडी, दुसऱ्यातलं पान तिरकं करून, पेरांसाठी बारीक आडव्या रेघा. ऊस असा उभा राहिला की रस गळेल! पण घोडं कोपऱ्यात अडलं. वेल वळते, ऊस कसा वळेल? आडवा टाकला की तुटल्यासारखा दिसायचा. श्रावण गेला, दसरा झाला, कोपरा काही जमेना.

भाऊबिजेला बाळूमामा काकवीची बाटली घेऊन सकाळीच हजर. निवृत्त झाल्यावरची पहिली दिवाळी, स्वारी खुशीत होती. काकूंनी ओवाळायला ताट उचललं, निरांजनाचा उजेड दोघांच्या तोंडावर, आणि मी मोबाइल वर केला.

"थांब गं," काकू म्हणाल्या. "पान उभं की आडवं ते ठरलं नाही अजून. कोपरा झाला की नीट बसून काढू."

"आक्का, काढू दे की पोरीला," मामा म्हणाला.

"तू गप. आयुष्यात एक फोटो, तो पण कापलेला नकोय मला."

जेवण झाल्यावर त्यांनी मामाला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि अडचण सांगितली. मामानं बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "अगं आक्का, ऊस कुटं वळतोय व्हय? कोपऱ्याला मोळी बांध की! तितनं दुसरी ओळ सुरू."

काकूंचा चेहरा असा उजळला! पुढचे दोन तास त्या मोळ्या बांधत बसल्या. मामा शेजारी बसून "लई जाड झाली," "हितं शेंड्याला वाढं पायजे," असं सांगत होता. मी चहा केला. दोघांची काय ती गंमत चालली होती! चौथा कोपरा व्हायचा होता आणि मामाच्या एसटीची वेळ झाली.

"पाच मिनिटं थांब की रे."

"गाडी जाईल. पुढच्या येळंला काढू. मी काय आता कारखान्यात अडकलोय व्हय?"

काकू खुर्चीवरूनच म्हणाल्या, "सावकाश जा." मामा गेल्यावर दहा मिनिटांत चौथी मोळी बसली. पान आडवं ठरलं.

होळीच्या आत मामा गेला. झोपेतच.

काकू महिनाभर कॉम्प्युटरकडे फिरकल्या नाहीत. मला बघवेना. मी मामाचा एक फोटो मिळवला, काकूंचा एक घेतला आणि दोघांना त्या पानावर शेजारीशेजारी बसवलं. कुणाला कळलंही नसतं. काकूंना दाखवलं. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं, पडद्यावर मामाच्या खांद्याला बोट लावलं.

"छान बसवलंस गं," त्या म्हणाल्या. "पण मी त्याच्या शेजारी खरंच बसले होते. दोन तास. आणि बघत होते कोपऱ्याकडे." मग माझ्या हातून माउस घेऊन त्यांनी दोन्ही फोटो काढून टाकले.

त्यानंतर कुणीही आलं की काकू विचारायच्या, "फोटो काढलात का? आधी काढून घ्या. काठ काय, होईल सवडीनं." त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला रडू यायचं. त्यांचा नियम मोडावा म्हणून मी एवढी भांडले होते, आणि तो मोडला तो असा.

स्वतःचा आल्बम त्यांनी शेवटच्या दिवाळीत छापायला दिला. आज तो माझ्याकडे आहे. लॅबमधून त्या पोराचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते.

"केके काकू, शेवटचं पान कोरंच आलंय बघा. नुसता ऊस हाय भवतीनं. लई भारी झालाय, पण मधी फोटो टाकायचा ऱ्हायलाय का?"

आमच्याशी नेहमी शुद्ध बोलणाऱ्या काकू म्हणाल्या, "व्हय रे बाबा. ऱ्हायलाय. तसंच छाप."