जाहिरातीवरची बोटं

सकाळी दहालाच तिचे जाहिरातीचे पैसे संपले आणि एकही मिक्सर विकला गेला नव्हता. समोरच्या खोलीतली ही बाई मोबाईलवर एका कंपनीच्या मिक्सरची जाहिरात पैसे भरून लावते. कुणी घेतला तर तिला कमिशन मिळतं. पण जाहिरातीवर नुसतं बोट दाबलं तरी तिचेच पैसे कटतात. हे आम्हाला कुठं ठाऊक? तिचं भलं व्हावं म्हणून गल्लीतल्या बायका दाबत बसल्या.

तिचा दीर म्हणाला, "बंद कर हे खूळ."

"भावजी, तुमचा कापडाचा माग चार महिने बंद हाय. मी खूळ म्हनले का?"

रागावली की ती वेणी सोडून पुन्हा घट्ट घालते. तशी घातली, गॅसच्या टाकीसाठी ठेवलेले पैसे भरून जाहिरात पुन्हा लावली आणि दारातून ओरडली, "मिक्सर घ्यायचा असंल तरच बोट लावा, न्हायतर हात पदरात ठेवा की!"

बायकांना जाहिरातीवर बोट दाबायला मीच सांगितलं होतं.